ड्रॉपर अडला? पोस्ट खोलण्याआधी केबल सोडवून बघा

ड्रॉपर पोस्ट म्हणजे चालत्या सायकलवर हँडलवरच्या लिव्हरने खाली-वर करता येणारा सीटखालचा खांब, बाहेरच्या नळीत आतली नळी सरकणारा. त्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सीट वर यायला रेंगाळते, अर्ध्यावर अडकते, पूर्ण वर केलेली सीट चढावर बसल्या बसल्या दोन बोटं खाली सरकते, नाहीतर डावी-उजवीकडे डुगडुग हलते. पहिल्या तिन्हींत लोक थेट पोस्ट खोलायला घेतात, आणि बहुतेक वेळा पोस्ट बिचारा निर्दोष असतो. दोष असतो तो सीटक्लॅम्पमध्ये (पोस्टला फ्रेममध्ये धरून ठेवणाऱ्या कड्यात) किंवा केबलमध्ये. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा: आधी क्लॅम्प, मग केबल, मग कॉलरखालची (बाहेरच्या नळीच्या तोंडावरच्या फिरवून सुटणाऱ्या कड्याखालची) सफाई, आणि सगळ्यात शेवटी आतलं कार्ट्रिज.

आत चालतं काय, ते आधी समजून घेतलं तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. ऑफिसातल्या खुर्चीखाली जो गॅसचा दांडा असतो, त्याचाच हा चुलत भाऊ. पोस्टच्या आतल्या कार्ट्रिजमध्ये एका बाजूला दाबाखालचा गॅस असतो, दुसऱ्या बाजूला तेल, आणि दोघांच्या मध्ये एक तरंगता पिस्टन. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, पोस्टच्या बुडाशी असलेला छोटा दांडा हलतो आणि तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो. तेवढ्यात तुम्ही सीटवर बसलात तर गॅस दाबला जाऊन सीट खाली जाते, वजन काढलंत तर गॅस तिला वर ढकलतो. लिव्हर सोडला की व्हॉल्व्ह बंद. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे सीट असेल तिथेच थांबते.

म्हणजे सीट वर आणणारा जोर फक्त त्या गॅसचा, आणि तो काही फार नसतो. कुठेही थोडं घर्षण वाढलं की तो हरतो. लिव्हरचं काम व्हॉल्व्ह उघडण्यापुरतं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडला तर सीट रेंगाळणार, पूर्ण मिटला नाही तर सीट खाली सरकणार. आणि गॅस तेलात मिसळला तर सीट स्प्रिंगसारखी दबणार. जवळजवळ सगळ्या तक्रारी या तीन कारणांपैकी एकावर येऊन थांबतात.

हे सगळं केबलवर चालणाऱ्या, फ्रेमच्या आतून केबल जाणाऱ्या ड्रॉपरबद्दल आहे, कारण रस्त्यावर तेच जास्त दिसतात. ऑइलवर आणि बॅटरीवर चालणाऱ्यांचं शेवटी थोडक्यात.

क्लॅम्प: अर्ध्या फेऱ्याची गोष्ट

सीट वर येताना रेंगाळत असेल तर ५ मिमीची (काही ठिकाणी ४ मिमीची) ॲलन की घ्या, सीटक्लॅम्पचा बोल्ट पाव फेरा सैल करा आणि लिव्हर दाबून बघा. अजून पाव फेरा. सीट एकदम टुणकन वर आली तर रोगही कळला आणि औषधही. फ्रेमची नळी बोल्टमुळे आवळली जाते, ती पोस्टच्या बाहेरच्या नळीला दाबते, आणि आतली नळी बुशवर (दोन नळ्यांमधल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर) घासायला लागते. साध्या सीटपोस्टला हा दाब चालतो, ड्रॉपरला नाही. बहुतेक फ्रेमना ५ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. क्लॅम्पवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, गाठायलाच हवा असं लक्ष्य नव्हे. हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका. घट्ट वाटलं की अजून थोडं घट्ट करायचं, ही सवय इथे नडते.

कमी टॉर्कवर पोस्ट फ्रेममध्ये घसरतो, असं म्हणून बरेच जण बोल्ट आवळत सुटतात. त्याऐवजी पोस्ट बाहेर काढा, पोस्ट आणि फ्रेमची नळी दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कार्बन पेस्टचा पातळ थर द्या. या पेस्टमध्ये बारीक कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पकड मिळते. नाव कार्बन पेस्ट असलं तरी ॲल्युमिनियमच्या फ्रेमलाही ती चालते. कार्बन फ्रेममध्ये ग्रीस लावू नका. धातूच्या फ्रेममध्ये पोस्ट घसरत नसेल तर मात्र ग्रीसचा हलका हात फिरवाच, नाहीतर दोन पावसाळ्यांनी पोस्ट आणि फ्रेम एकमेकांना सोडायला तयार होत नाहीत. कोकणपट्टीत, खाऱ्या हवेत, ही वेळ आणखी लवकर येते.

क्विक रिलीजचा, म्हणजे हाताने उघडायच्या खटक्याचा, क्लॅम्प असेल तर बदलून बोल्टवाला घ्या. १९८० च्या दशकात माउंटन बायकवाल्या जो ब्रीझ आणि जॉश एंजेल या दोघांची हाइट-राइट नावाची स्प्रिंग सीटपोस्टला लावायचे, तेव्हा चालता चालता क्विक रिलीज उघडून सीट खाली करणं हाच सगळा खेळ होता. ड्रॉपर आल्यावर त्या खटक्याचं काम संपलं. आता तो फक्त टॉर्क अंदाजे ठेवतो.

केबल: दोन मिनिटांची परीक्षा

क्लॅम्पने फरक पडला नाही तर पुढची परीक्षा सगळ्यात मोलाची. क्लॅम्प सैल करा आणि पोस्ट हळूहळू वर ओढा. त्याच वेळी हँडलकडून केबलचा आऊटर (वायरीवरची बाहेरची नळी) फ्रेममध्ये आत ढकलत राहा, नाहीतर तो आत ताणला जाऊन वाकतो. पोस्ट पूर्ण बाहेर आला की बुडाच्या दांड्यातून केबल सोडवा. आता दांडा अंगठ्याने दाबा. जड गेला तर ॲलन कीच्या टोकाने दाबा. दुसऱ्या हाताने सीट खाली-वर करून बघा. तोंड सीटच्या वर आणू नका, ती झपकन वर येते.

केबलशिवाय पोस्ट सरळ खाली-वर होतो आणि सोडला तिथे घट्ट उभा राहतो? मग पोस्ट ठणठणीत आहे, केबलकडे वळा. केबल सोडवूनही रेंगाळतो किंवा दबतो? मग दोष आत आहे, पुढच्या भागाकडे जा.

केबलचा ताण लिव्हरजवळच्या गोल ॲडजस्टरने ठरतो. लिव्हरच्या टोकाशी १ ते २ मिमी मोकळी चाल हवी, त्यानंतर व्हॉल्व्ह उघडायला लागला पाहिजे. ही चाल उरलीच नाही तर व्हॉल्व्ह कायम थोडा उघडा राहतो: बसल्यावर सीट सरकते, आणि सायकल सीटला धरून उचलली की सीट हळूच वर येते. कार्ट्रिज गेलं म्हणून ज्या पोस्टची वासलात लावली जाते, त्यांतल्या कित्येकांचा एवढाच अपराध असतो. उलट चाल फार झाली तर लिव्हर पूर्ण दाबूनही व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो. ॲडजस्टर बाहेरच्या दिशेने फिरवला की ताण वाढतो, आत फिरवला की कमी होतो. एका वेळी अर्धा फेरा, मग चाचणी. पोस्ट परत फ्रेममध्ये बसवताना आऊटर सरकतो, म्हणून ताण शेवटी, पोस्ट आपल्या उंचीवर घट्ट केल्यावरच पक्का करा.

लिव्हर जड लागत असेल किंवा सोडल्यावर आळसावून परत येत असेल तर केबलमध्ये घाण किंवा गंज आहे. पावसाचं पाणी लिव्हरच्या टोकाकडून आत शिरतं, आऊटरमधून वाहत पेडलच्या एक्सलजवळच्या वळणाशी जाऊन साचतं, आणि तिथेच वायर गंजते. वरून तेल सोडून हे सुटत नाही. दोन-तीन दिवस बरं वाटतं, मग तेच तेल धूळ धरतं. वर्षातून एकदा वायर आणि आऊटर दोन्ही बदला. वेळ पावसाळा संपल्यावरची. दसऱ्याला सायकलला झेंडूचा हार घालणारच असाल, तर आदल्या रविवारी हे उरकून घ्या.

वायर गिअरचीच घ्या, १.१ किंवा १.२ मिमीची. आऊटर ४ मिमीचा, तोही गिअरचा. ब्रेकचा आऊटर आतून स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, ओढल्यावर तो दबतो आणि लिव्हरची चाल त्यातच खर्ची पडते. आऊटर धारदार केबल कटरने सरळ कापा. साध्या पकडीने कापला तर टोक चेपतं. कापल्यावर आतली प्लॅस्टिकची नळी मिटलेली असते, ती दाभणाने उघडा आणि मगच टोकाला टोपी बसवा. ही एक पायरी गाळल्याने नवी केबलही पहिल्या दिवसापासून जड चालते.

फ्रेममधून नवा आऊटर ओवणं हे खरं कटकटीचं काम, पण जुना आऊटर काढून टाकलात तरच. तो काढण्याआधी एक वायर घ्या, अर्धी जुन्या आऊटरमध्ये आणि अर्धी नव्यात घाला, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून सांध्यावर पातळ टेप गुंडाळा, आणि जुना ओढत नवा आत घ्या. जुन्यामागून नवा निमूट येतो. आऊटर फ्रेममध्ये खडखडत असेल तर त्यावर फोमची नळी चढवायची वेळही हीच. लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठल्याही बाजूला आऊटर ताणला जात असेल तर तो आखूड आहे. पोस्ट पुढे कधीतरी बाहेर काढायचा आहे, हेही लक्षात ठेवून थोडी ढील ठेवा.

वायरचं गोल डोकं काही ड्रॉपरमध्ये लिव्हरला अडकतं आणि काहींत पोस्टच्या बुडाला. डोकं बुडाला असेल तर काम सोपं: वायर लिव्हरकडे ताणून तिथल्या स्क्रूत धरायची आणि जादा कापायची. डोकं लिव्हरला असेल तर पोस्टकडे एक छोटा दंडगोल तुकडा वायरला स्क्रूने धरायचा असतो, आणि आऊटरच्या टोकापासून त्याचं अंतर पोस्टच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते पट्टीने मोजा. तीन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की ॲडजस्टरही ते भरून काढू शकत नाही. त्या स्क्रूला २ न्यूटन मीटरच्या आसपास बस्स. त्याहून जास्त आवळलं तर वायरचे पदर तुटतात. उरलेलं टोक आखूड कापा, ते दांड्यात अडकलं तर व्हॉल्व्ह मिटत नाही आणि तुम्ही पुन्हा ताण तपासत बसता.

कॉलरखालची घाण

केबल ठीक, क्लॅम्प ठीक, तरी सीट येताना कुरकुरते आणि अडखळते? मग कॉलर उघडा. साधारण ५० तास सायकल चालवल्यावर ही सफाई करावीच. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलात नियमित फिरत असाल तर तीन-चार आठवड्यांनी. जांभ्याची लाल धूळ उन्हाळ्यात चिखलाइतकीच वाईट, कारण ती बारीक असते आणि सीलच्या (नळीला बिलगून घाण अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठाखाली जाऊन बसते.

सीट पूर्ण वर करा, चकचकीत आतली नळी पुसून घ्या, मगच कॉलर फिरवा. आधी पुसली नाही तर तीच घाण आत जाते. कॉलर बहुतेक वेळा हाताने सुटते. नाही सुटली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडा, किंवा पट्ट्याचा पाना लावा. दातेरी पकड लावली की कॉलरवर कायमच्या खुणा राहतात. कॉलर सीलसकट वर सरकवा. तिच्या खाली प्लॅस्टिकचा बुश असतो, कधी एकाच तुकड्याचा पण फट असलेला, कधी दोन तुकड्यांचा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे परत बसवताना वरची बाजू कुठली यावर डोकं खाजवायला नको.

जुनं करडं ग्रीस पूर्ण काढा. अल्कोहोल आणि धागे न सोडणारं फडकं पुरतं. नवं ग्रीस सस्पेन्शनचं घ्या, स्लिक हनी किंवा एसरॅम बटर या जातीचं, मऊ आणि निसरडं. गॅरेजच्या डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस जाड असतं, आणि महाबळेश्वरच्या थंडीत तर त्याने सीट अजूनच रेंगाळते. सीलच्या ओठाच्या आत आणि बुशवर पातळ थर द्या. कॉलर हाताने घट्ट बसवा, सीट दहा-बारा वेळा खाली-वर करा, बाहेर आलेलं ग्रीस पुसा. डब्ल्यूडी-४० इथे मारू नका, ते आतलं ग्रीस धुऊन नेतं.

घाण येते कुठून? मागच्या चाकावरून, थेट कॉलरवर. छोटा मडगार्ड लावलात तर सफाईची पाळी कमी वेळा येते. फ्रेमच्या नळीची फट मागच्या बाजूला असेल तर क्लॅम्पखालून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, फ्रेममध्ये पाणी शिरायचं थांबतं. पेट्रोल पंपाशेजारच्या वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचा फवारा कॉलरवर कधीही धरू देऊ नका.

डुगडुग आणि पितळी पिना

सीटचं नाक बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. दोन-तीन मिलिमीटर प्ले (सैलपणा) नव्या पोस्टलाही असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. त्याहून बराच वाढला असेल तर आतल्या पितळी पिना झिजल्या आहेत. साधारण तीन असतात, आतल्या नळीवरच्या खाचांत बसतात आणि सीटला गोल फिरू देत नाहीत. पितळ मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे झिजायचं ते स्वस्तातल्या पिनांनी झिजावं, महागड्या नळीने नाही.

पिना बदलायला पोस्ट पूर्ण खोलावा लागतो: बुडाचा दांड्याचा भाग काढायचा, कार्ट्रिजला धरून ठेवणारा नट किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचा, कॉलर सोडवायची आणि आतली नळी वर ओढून घ्यायची. खोलण्याचा नेमका क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा, तेव्हा त्या मॉडेलचं सर्व्हिस पत्रक समोर ठेवूनच हात घाला. पिनांवर बहुधा जाडीचा नंबर असतो. पिनेच्या कडा चकचकीत किंवा खोलगट दिसल्या तर बदला. त्याच नंबरच्या नव्या घालूनही प्ले राहिला तर एक नंबर जाड घ्या. जाड पिना घालून नळी आपल्या वजनाने सरकत नसेल तर मागे या. प्ले गेला आणि सीट अडकायला लागली, यात कमाई काही नाही.

कटकट आवाजासाठी मात्र पोस्ट खोलू नका. तो बहुतेकदा सीटच्या रेल्समधून येतो. सीट काढा, रेल्स आणि क्लॅम्पच्या खाचा पुसा, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पुढचा-मागचा बोल्ट आळीपाळीने, छापलेल्या टॉर्कपर्यंत आवळा.

कार्ट्रिज

केबल सोडवून परीक्षा घेतली, तरी पूर्ण वर असलेली सीट बसल्यावर स्प्रिंगसारखी दबते आणि उठल्यावर परत येते. इथे गॅस तेलात शिरला आहे. रॉकशॉक्स कंपनीच्या रिव्हर्ब या ड्रॉपरच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ही हवा खास टूलने बाहेर सोडायची सोय आहे. बऱ्याच पोस्टमध्ये कार्ट्रिज सीलबंद असतं, ते पूर्ण बदलायचं. घेताना पोस्टचं मॉडेल आणि सीट किती मिलिमीटर खाली जाते ते सांगा. १२५ च्या पोस्टमध्ये १५० चं चालत नाही. जुनं कार्ट्रिज कापू नका, भोक पाडू नका, तापवू नका. आत गॅस दाबाखाली असतो. भंगारवाल्याकडेही तसंच टाकून देऊ नका, तो ते कापणारच.

सीट वर येते पण जोर नाही, आणि पोस्टला हवेचा व्हॉल्व्ह आहे (काहींना सीटखाली, काहींना बुडाशी), तर शॉक पंप लावा. चाकांचा पंप इथे निरुपयोगी, कारण काही मॉडेलना २५० ते ३०० पीएसआय लागतात. दाब पोस्ट पूर्ण वर असतानाच भरा आणि कंपनीने दिलेल्या कमाल आकड्यापुढे जाऊ नका. पंप काढताना होणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. पुन्हा लावून बघितलं की आकडा कमी दिसतो, कारण थोडी हवा नळीत भरते. ही गळती समजून लोक पोस्टमध्ये हवा कोंबत राहतात.

कार्ट्रिज लवकर मरण्याचं एक कारण अगदी घरगुती आहे. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलली, किंवा गाडीच्या रॅकला सीटवर टांगली, की आत निर्वात ओढ तयार होते आणि गॅस सीलच्या बाजूने तेलात खेचला जाऊ शकतो. जिना चढवताना सायकल फ्रेमला धरून उचला. घरी उभी करताना सीट वर ठेवा. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल अडकवताना चकचकीत नळीला जबडा लावू नका. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा सील कापत राहतो. सीटखालच्या पिशवीचा पट्टा त्या नळीला बांधू नका, आणि बांधलेली पिशवी सीट खाली गेल्यावर चाकाला घासते का तेही एकदा बघा.

ऑइल आणि बॅटरीवाले

ऑइलच्या रिमोटवर चालणाऱ्या जुन्या रिव्हर्बमध्ये आधी रिमोटवरचा वेग ठरवणारा डायल तपासा. तो हळू बाजूला फिरलेला असणं हा नेहमीचा प्रकार आहे. लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर ब्लीड करावं लागेल, म्हणजे ऑइलमधली हवा काढावी लागेल, तेही २.५ डब्ल्यूटी लिहिलेल्या सस्पेन्शन ऑइलनेच. ब्रेकचं डॉट फ्लुइड त्यात गेलं तर सील फुगतात आणि रिमोट वाया जातो.

रॉकशॉक्सच्या वायरलेस रिव्हर्बला केबलच नाही, त्यामुळे तक्रार दोनच जागी शोधायची: पोस्टवरची बॅटरी आणि लिव्हरमधला सीआर२०३२ चा बटण-सेल. पोस्टची बॅटरी वाटेत संपली आणि मागचा डिरेलरही (गिअर बदलणारा भाग) त्याच एएक्सएस या वायरलेस मालिकेतला असेल, तर दोन्हींची बॅटरी सारखीच असते. उतार सुरू होण्याआधी सायकल मधल्या गिअरवर लावून ठेवा, डिरेलरची बॅटरी काढून ड्रॉपरला लावा.